पहिल्या वारीला निघताना

माऊली, आळंदीहून निघायच्या आधी तुम्ही तीनदा विचारलंत, पैसे किती ठेवू, आजारी पडलो तर? दिंडीची भिशी, म्हणजे जेवणखाण्याची वर्गणी, भरा, रोजची औषधं आणि रेनकोट घ्या. सामान ट्रकमधून येतं.

पण तुमची खरी भीती वेगळी आहे, ती मला ठाऊक आहे. नोकरी गेली तेव्हा मी पासबुक उशाशी घेऊन झोपायचो, झोप मात्र लागायची नाही. मग देहूला इंद्रायणीकाठी बसलो असताना तुकोबा नव्यानं कळले. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची बायको अन्नावाचून गेली. पुढे लोकांना दिलेल्या कर्जाच्या खतांपैकी अर्धी भावाला, कान्होबांना देऊन त्यांनी आपल्या वाट्याची नदीत बुडवली, असं परंपरा सांगते. उपासमार डोळ्यांनी पाहिलेल्या माणसानं हे केलं! भावाचा वाटा मात्र बुडवला नाही. म्हणून तुम्हीही घरच्यांची एफडी मोडू नका, फक्त तिच्यावर जीव टांगू नका.

पहाटे काकड्याला उठा, संध्याकाळी हरिपाठाला उभे राहा. काळजी दाटली की विठोबाला स्पष्ट शब्दांत सांगा. दिवेघाटात दम लागला तर विणेकऱ्यापाशी या, मी तिथंच असेन.