मेथीची जुडी आणि समुद्रातला उजेड

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी पैठणची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाचं, पाणी कडेकडेनं हिरवं होतं, ओंजळीत घेतलं तर रव्यासारखे बारीक हिरवे कण दिसतात. समुद्रातही असे वनस्पती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म हिरवे जीव, असतात आणि ते किती उजेड शोषतात याचं मॉडेल करतात असं वाचलं. मग क्लोरोफिल दुप्पट झालं की उजेडही दुप्पट शोषला जातो का? आमच्या वर्गात यावरून दोन तट पडलेत.

उत्तर : दुप्पट होत नाही, "नाही" म्हणणारा तट बरोबर आहे. आठवडी बाजारातून मेथीची घट्ट बांधलेली जुडी आणा आणि उन्हात पांढऱ्या चादरीवर ठेवा, सावली पडेल वीतभर. आता तीच जुडी सोडून पानन्‌पान पसरा, पानं तेवढीच पण सावली केवढीतरी मोठी, कारण जुडीत वरची पानंच ऊन अडवतात, आतल्यांपर्यंत ते पोचतच नाही. प्लवकाच्या पेशीत क्लोरोफिल असंच जुडी बांधून बसलेलं असतं. पेशी मोठी आणि आत रंगद्रव्य खच्चून भरलेलं असलं की आतलं रंगद्रव्य उपाशी राहतं. याला पॅकेज इफेक्ट म्हणतात, शास्त्रज्ञ डुइसेन्स यांनी १९५६ मध्ये तो मांडला.

समुद्रात क्लोरोफिल कमी असतं तिथं बहुतेक बारीक पेशी, आणि जास्त असतं तिथं डायटम या एकपेशीय शैवालासारख्या मोठ्या. १९९५ मध्ये शास्त्रज्ञ अ‍ॅनिक ब्रिको आणि सहकाऱ्यांनी शेकडो नमुने मोजून सूत्र दिलं, त्यात ४४० नॅनोमीटरच्या निळ्या उजेडाचं शोषण क्लोरोफिलच्या ०.६६८ घातानं वाढतं. कॅल्क्युलेटरवर करून बघाच, क्लोरोफिल दुप्पट केलं तर शोषण साधारण १.६ पट, दहापट केलं तर जेमतेम ४.७ पट!

बरं, क्लोरोफिल एकटं नसतं. ते निळा आणि ६७५ नॅनोमीटरजवळचा लाल खातं, हिरवा बराचसा सोडतं, पण डायटममधलं फ्युकोझँथिन हे रंगद्रव्य निळसर हिरवाही पकडतं आणि नीलहरित शैवालातलं फायकोसायनिन ६२० जवळचा नारिंगी. म्हणून क्लोरोफिल सारखंच असलं तरी दोन ठिकाणी उजेड वेगळा मुरतो. मॉडेलमध्ये पाणी, प्लवक, विरघळलेला पिवळसर सेंद्रिय माल आणि गाळ या चौघांचं शोषण प्रत्येक रंगासाठी वेगळं धरून बेरीज करतात. आपल्या ओशनसॅट-३ उपग्रहावरचा कॅमेरा १३ पट्ट्यांत रंग बघतो, २०२४ मध्ये गेलेला नासाचा पेस उपग्रह जवळजवळ सलग बघतो, त्यामुळं कोणत्या गटाचं प्लवक आहे हे ओळखायला मदत होते, मला तर हे फार मोलाचं वाटतं.

नाथसागराला मात्र हे समुद्राचं सूत्र लावू नका. काळ्या मातीचा गाळ आणि कुजलेल्या पाल्याचं पिवळं पाणी दोन्ही निळा उजेड खातात, आणि उपग्रहाच्या हिशेबात ते क्लोरोफिलच्या खात्यावर जमा होऊ शकतं.

कॉलेजात स्पेक्ट्रोफोटोमीटर (उजेडाचं शोषण मोजणारं यंत्र) असेल तर एक करा. हिरवं पाणी तसंच ठेवून ६७५ जवळ मोजा, ७५० चं रीडिंग वजा करा म्हणजे कण उजेड विखुरतात तो भाग बराचसा जाईल. मग तेवढंच पाणी गाळून गाळणीवरचं हिरवं ९० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर थंड आणि अंधारात ठेवा, दुसऱ्या दिवशी अ‍ॅसिटोन गाळलेल्या पाण्याएवढ्याच आकारमानाला आणून ६६४ जवळ मोजा. जुडी सुटली की आकडा कसा वाढतो ते वर्गालाच दाखवा. आणि हो, नीलहरित शैवालातल्या काही जाती विषारी असतात, तेव्हा यापुढं ओंजळ नको, पाणी भरताना हातमोजे घाला आणि असं हिरवं पाणी जनावरांनाही पाजू देऊ नका.