वाचकांचे प्रश्न: रंग न देता पेशी पाहताना

प्रश्न: आमच्या सूक्ष्मदर्शकाला फेज कॉन्ट्रास्टचा संच आहे. गालाच्या आतल्या पेशी न रंगवता पाहिल्या, पण साध्या प्रकाशात दिसतात तशाच फिकट दिसल्या. काय चुकत असेल?

उत्तर: फेज कॉन्ट्रास्ट म्हणजे न रंगवलेली पारदर्शक पेशी गडद करून दाखवणारी पद्धत. त्यात एक गोल कडी कंडेन्सरमध्ये (प्रकाश पेशीवर एकवटणारा भाग) आणि दुसरी ऑब्जेक्टिव्हमध्ये (पेशीजवळचं भिंग) असते. बहुतेक वेळा दोष या कड्यांचा असतो, लेन्सला बोल लावण्याआधी त्या तपासा.

अशी पेशी प्रकाश जवळपास शोषतच नाही, त्याला फक्त किंचित मागे पाडते. पेशीद्रव्याचा अपवर्तनांक १.३७ आणि पाण्याचा १.३३ धरला, तर ३ मायक्रोमीटर जाडीत प्रकाश ०.१२ मायक्रोमीटरने मागे पडतो. हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीचा हा पाचवा हिस्सा झाला, तरी डोळ्याला तो कळत नाही. फ्रिट्स झेर्निके यांनी यावर काढलेला उपाय फार सुंदर आहे, आणि त्यासाठी त्यांना १९५३ चं नोबेल मिळालं. कंडेन्सरमधल्या कडीतून प्रकाश सोडायचा. पेशीत न वळता सरळ आलेला प्रकाश ऑब्जेक्टिव्हमधल्या फेज कडीवर पडतो. ती त्याला पाव तरंग पुढे काढते आणि मंदही करते. पेशीमुळे वळलेला प्रकाश आधीच सुमारे पाव तरंग मागे असतो. दोघांत अर्ध्या तरंगाचं अंतर पडलं की ते एकमेकांना खोडतात आणि पेशी गडद दिसते. सरळ प्रकाश कडीच्या बाहेरून निसटला, तर यातलं काहीच घडत नाही.

म्हणून आधी १० पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली पेशी फोकसमध्ये आणा. दिव्याकडचा फील्ड डायफ्राम (प्रकाशाची वाट लहानमोठी करणारा पडदा) मिटवा, त्याची कड रेखीव दिसेपर्यंत कंडेन्सर वरखाली करा, ती मधोमध आणा आणि डायफ्राम पुन्हा उघडा. कंडेन्सरची कडी ऑब्जेक्टिव्हवर लिहिलेल्या खुणेचीच हवी: पीएच१ ला पीएच१, पीएच२ ला पीएच२. कंडेन्सरमधला अपर्चर डायफ्राम पूर्ण उघडा ठेवा. तो अर्धवट मिटलेला असला की कडीच कापली जाते, आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही. आता आयपीस काढून तिथे सेंटरिंग टेलिस्कोप (कड्या पाहण्याची छोटी दुर्बीण) बसवा. एक काळपट कडी दिसेल आणि एक उजळ. कडीच्या स्क्रूंनी उजळ कडी काळपट कडीत पुरती बसवा. कंडेन्सर मधोमध आणायचे स्क्रू वेगळे असतात, त्यांना आता हात लावू नका. ऑब्जेक्टिव्ह बदललं की पुन्हा तपासा.

कव्हरस्लिप पाण्यावर तरंगत असेल, तर कडेचं जास्तीचं पाणी टिपून घ्या. हिरवा फिल्टर असेल तर जरूर लावा; फेज कडी सहसा हिरव्या प्रकाशासाठीच बनवलेली असते.

प्रश्न: फेज कॉन्ट्रास्टच्या फोटोतल्या गडदपणावरून पेशीची जाडी काढता येईल का?

उत्तर: नाही. कडीला रुंदी असते, त्यामुळे थोडासाच वळलेला प्रकाशही तिच्यातून जातो. पेशीभोवतीचं तेजोवलय त्यातूनच येतं, आणि रुंद, सपाट भागाचा मधला गडदपणाही त्यामुळेच ओसरतो. भोवतालचा द्रव अपवर्तनांकाने पेशीच्या जवळचा घेतला तर वलय कमी होतं, पण गडदपणा म्हणजे जाडी असं तरीही म्हणता येत नाही.

मोजमापच हवं असेल, तर व्यतिकरणाच्या सूक्ष्मदर्शकावर (पेशीतून आलेला प्रकाश पेशीतून न गेलेल्या संदर्भ किरणाशी मिसळणारा) संदर्भ किरण दर वेळी पाव तरंगाने सरकवत चार फोटो घेतात. पहिला व तिसरा आणि दुसरा व चौथा यांच्या तीव्रतेतल्या फरकांच्या गुणोत्तरावरून प्रत्येक बिंदूची फेज, म्हणजे तरंगातली पिछाडी, निघते. पिछाडी पूर्ण तरंगाहून जास्त झाली की आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. तो शेजारच्या बिंदूंवरून सांधावा लागतो. तीव्र उतार असलेल्या कडांवर हा सांधा हमखास चुकतो. शिवाय हाती येतो तो जाडी आणि अपवर्तनांकातला फरक यांचा गुणाकार. दोन्ही सुटे करायचे, तर तीच पेशी वेगवेगळ्या अपवर्तनांकाच्या दोन द्रवांत मोजा, मात्र दोन्हींत ती फुगणार वा आकसणार नाही हे पाहा.

प्रश्न: डीआयसीमध्ये (डिफरेन्शियल इंटरफेरन्स कॉन्ट्रास्ट, न रंगवता पेशी पाहायची आणखी एक पद्धत) प्लास्टिकच्या डिशमधल्या पेशी नीट का दिसत नाहीत?

उत्तर: डीआयसी ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशावर चालतं आणि ताण राहिलेलं प्लास्टिक ध्रुवण बिघडवतं. काचेच्या तळाची डिश घ्या, आणि झाकणही काचेचं ठेवा. प्लास्टिकच वापरायचं असेल, तर फेज कॉन्ट्रास्ट बरा.