आधी 'इन्फॉर्मंट' हा शब्द काढ

अगं, तुझं संशोधनाचं प्रपोजल दोनदा वाचलं. विषय मस्तच आहे, पण तो "इन्फॉर्मंट" शब्द मला सारखा टोचतोय. नायजेरियातल्या ज्या माणसांकडून तू तिथल्या योरुबा लोकांचं लाकूडकाम शिकणार ती नुसती माहिती पुरवणार आणि अर्थ लावणार तू, असं का गं धरून चाललीस?

ओलोवे या योरुबा कोरीवकाम करणाऱ्याचंच घे. तिथल्या इकेरे गावच्या राजवाड्याचा दरवाजा त्याने 1910 ते 1914 च्या सुमारास कोरला, एका फळीवर सिंहासनावरचा राजा, दुसरीवर हमालांनी उचलून आणलेला इंग्रज अधिकारी, आणि आकृत्या इतक्या उठावाच्या की डोकी लाकडातून बाहेर निघून आपल्याकडे बघतायत असं वाटतं. 1924 ला तो दरवाजा लंडनला प्रदर्शनात गेला आणि मग ब्रिटिश म्युझियमने राजाला इंग्लंडमध्ये बनवलेलं सिंहासन देऊन तो ठेवूनच घेतला, पण कोरणाऱ्याचं नाव तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. गावाला होतं. ओलोवे 1938 ला गेला, आणि 1988 मध्ये जॉन पेम्बर्टन या अभ्यासकाने त्याच्या एका बायकोकडून, ओलोजु-इफुनकडून, त्याची ओरिकी, म्हणजे स्तुतीची कविता, टिपून घेतली. त्यात ती म्हणते की इरोकोचं कडक लाकूड तो भोपळा कोरावा तसं कोरायचा. आता सांग, याला नुसती माहिती म्हणायचं? मला तर ही कलासमीक्षा वाटते, आणि ती त्या बाईची आहे.

म्हणून आधी भाषा शीक, खरंच. योरुबात "ओको" सुराप्रमाणे नवरा होतो, कुदळ होते, गाडी होते, दुभाष्यावर सगळं सोडलंस तर काय निसटलं हे तुला कळणारही नाही. रोलंड अबिओदुन, स्वतः योरुबा अभ्यासक, कित्येक वर्षं हेच सांगतायत की ओरिकी कळल्याशिवाय ती कला कळत नाही.

आणि तिथल्या एखाद्या अभ्यासकाला प्रश्न ठरवायच्या आधीच सोबत घे, नंतर आभारात नाव टाकून काय उपयोग. रेकॉर्डिंगची कॉपी त्या घरात राहू दे. कोणी म्हणालं हे छापू नको, तर नाही छापायचं, पेपर अडला तरी.

बजेटमध्ये भाषेच्या शिक्षकाचे आणि त्या सहकाऱ्याचे पैसे धर आणि रविवारपर्यंत परत पाठव, मी लगेच वाचते.