आधी जागा बघ, मग गाणं ऐक

अगं, मेसेज वाचला तुझा. एक्झिट म्युझिक फेस्टिव्हल सर्बियातून गेलं, मग आता नोवी साद शहरातल्या म्युझिकवर लिहायला उरलंय काय, असं विचारतेस. आणि हे नोवी सादमध्ये राहून विचारतेस म्हणून जरा जास्तच राग आला. तुला धीर वगैरे देत बसत नाही, कष्टाला तू मागे हटणारी नाहीस ते मला ठाऊक आहे. पण तू लाइनअपच्या, म्हणजे कुठले बँड येणार त्या यादीच्या मागे धावतेयस आणि मी पहिल्यापासून एकच सांगतोय, आधी जागा बघ, मग गाणं ऐक.

तुझ्या शहरासमोर नदीपलीकडचा पेत्रोवारादिनचा किल्लाच घे. 1692 ला काम सुरू झालं ते 1780 पर्यंत चाललं, ऑस्ट्रियाला तुर्कांना अडवायचं होतं. खाली 16 किलोमीटरची भुयारं. वर घड्याळाचा मोठा काटा तास दाखवतो आणि छोटा मिनिटं, कारण डॅन्यूबवरच्या नावाड्यांना लांबून निदान तास तरी दिसावा. आणि तटांच्या मधले जे खोल खंदक आहेत ना, त्यातच एक्झिटचा डान्स अरेना भरायचा, लोक सकाळ होईपर्यंत नाचायचे. तिथे एकदा भरदुपारी रिकाम्या वेळी उतर, टाळी वाजव, भिंतीवरून आवाज कसा परत येतो ते ऐक. रात्री गर्दीत फक्त गर्दीच कळते.

बरं, एक्झिट सुरू तरी कुठे झालं? किल्ल्यावर नाही. 2000 मध्ये, नदीच्या अलीकडे, युनिव्हर्सिटीच्या आवारात, तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष मिलोशेविचच्या विरोधात विद्यार्थी पोरांनी जवळजवळ शंभर दिवस चालवलं, निवडणूक येईपर्यंत. किल्ल्यावर पुढच्या वर्षी गेलं. मग 1 नोव्हेंबर 2024 ला तुझ्याच शहराच्या रेल्वे स्टेशनचा छज्जा कोसळला, 16 माणसं गेली, पोरं परत रस्त्यावर आली, एक्झिटवाले त्यांच्या बाजूने उभे राहिले, त्यावरून दबाव आला, पैसा बंद झाला असं त्यांनीच सांगितलं आणि 2025 चं सर्बियातलं शेवटचं म्हणून जाहीर केलं. तू यात 'फेस्टिव्हल बंद' एवढंच वाचलंस. कॅम्पस, किल्ला, स्टेशन हे तिन्ही पायी फिरून लिही की! कोण अडवतंय?

येवरेय्स्का रस्त्यावरचं सिनॅगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बघितलंस का? नसणार. लिपोत बाउमहोर्नने बांधलेलं, 1909 ला पूर्ण झालं. तिथे आता मैफली होतात, आवाज फार सुंदर घुमतो म्हणून सगळे कौतुक करतात. पण एप्रिल 1944 मध्ये शहरातल्या ज्यूंना पकडून याच इमारतीत कोंडलं होतं आणि इथूनच ऑश्विट्झच्या नाझी छळछावणीत नेलं. हे माहीत असलेला माणूस आणि नसलेला माणूस शेजारी बसून एकच व्हायोलिन ऐकत नाहीत, लिहून घे. ‌

आणि गायक जोर्जे बालाशेविच. 1953 ला याच शहरात जन्मला, 19 फेब्रुवारी 2021 ला याच शहरात गेला. मला त्याला समोर बसून ऐकायचं होतं, राहिलं, ते आयुष्यभर सलणार. तो गेला तेव्हा लोक मेणबत्त्या घेऊन त्रग स्लोबोदेच्या चौकात जमले आणि त्याची गाणी गायले. स्टेज नाही, तिकीट नाही. तू त्या चौकातून रोज कॉफीला जातेस. त्याच्या गाण्यांत मधूनच तांबुरित्सा वाजते, मँडोलिनच्या जातीचं वाद्य, तीही आधी ऐकून ये, यानिका बालाझची ऐक, तो किल्ल्यावरच वाजवायचा. स्पेन्सच्या हॉलबद्दल दोन ओळी पुरतील, 1981 च्या टेबल टेनिस वर्ल्ड चॅम्पियनशिपसाठी उभारलेलं सेंटर आहे, काँक्रीट आहे, मला काही फार आवडत नाही.

आता तू म्हणशील काका परत भिंतींवर घसरले. मी जिथे सदर लिहायचो तिथले संपादकही हेच म्हणायचे, हॉलचा पॅरा उडवायचे आणि गायकाच्या कपड्यांचा ठेवायचे. मी दर वेळी तो पॅरा परत घालून पाठवायचो. शेवटी सदर बंद झालं, घरी बोलणी बसली, पैशांची ओढाताण झाली ती वेगळीच. हट्टी होतो, मान्य. पण मला आजही वाटतं मीच बरोबर होतो, कारण गायक सगळीकडे तेच गाणं म्हणतो, बदलते ती जागा, आणि ती कुणीच लिहीत नाही. ते हजारोंनी लिहिलेले लाइनअप आज कोण वाचतंय सांग बघू?

चिडू नकोस. तुझं ऐकणं चांगलं आहे, कान तयार आहे, म्हणून तर एवढं बोलतोय, नाहीतर थम्सअप पाठवून गप्प बसलो असतो.

तर या रविवारी मोस्त स्लोबोदे पुलावरून चालत पलीकडे जा. 3 एप्रिल 1999 ला नाटोने पाडला होता, 2005 ला परत खुला झाला. तिथून नदीकाठाने किल्ल्यापर्यंत ये आणि मोबाइल खिशात ठेव. मग बुधवारपर्यंत मला सातशे शब्द पाठव. एकाही बँडचं नाव पहिल्या तीन पॅरांत दिसलं तर मी पुढे वाचणार नाहीये.