५२ मुलांच्या वर्गात, ३५ मिनिटांच्या तासाला चर्चा घेऊन मुलांना विचार करायला शिकवता येतं का?

येतं. पण प्रश्नाखाली तुम्ही जे लिहिलंय ते मला जास्त लागलं: "बी.एड.ला चर्चा पद्धत शिकलो, टाचणात लिहितोही, पण वर्गात प्रश्न टाकला की तीच चार मुलं हात वर करतात आणि शेवटी मीच उत्तर सांगून मोकळा होतो. आठवीचं विज्ञान आहे, काय करू?" हे वाचलं आणि २०११ सालचा एक तास डोळ्यांसमोर आला. आधी तो सांगते. तुमच्याकडे नंतर येते.

तालुक्याच्या गावातली अनुदानित शाळा, आठवी ब, पट ४८. प्रयोग तुम्हालाही पाठ असेल. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, तिच्यावर काचेचा ग्लास उपडा. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. कारणही पाठ असेल: ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली, हवेत ऑक्सिजन २१ टक्के म्हणजे साधारण एक पंचमांश, बघा पाणीसुद्धा तेवढंच चढलं. फळ्यावर आकृती, खाली दोन ओळी, पुढचा धडा. मी सोळा वर्षं हेच सांगत आले होते. मला माझ्या बाईंनी हेच सांगितलं होतं, त्यांना त्यांच्या सरांनी सांगितलं असणार.

त्या वर्षी प्रयोग मुलांकडूनच करून घ्यायचा असं ठरवलं. कारण काही थोर नव्हतं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचं (म्हणजे नुसत्या लेखी परीक्षेवर नव्हे, वर्षभराच्या कृतींवरही मुलांना जोखायचं) प्रशिक्षण नुकतंच झालं होतं आणि शाळातपासणी जवळ आली होती. लोडशेडिंगचे दिवस, मेणबत्त्या घरोघरी होत्याच. सहा-सहांचे आठ गट केले, ग्लास घरून आणायला सांगितले, पाण्यात निळी शाई टाकली म्हणजे मागून दिसेल.

एका गटाकडे मेणबत्तीची दोन थोटकंच होती. त्यांनी दोन्ही लावली. आणि त्यांच्या ग्लासात पाणी सगळ्यांपेक्षा बोटभर जास्त चढलं.

"बाई, आमचं जास्त चढलं."

मी म्हटलं, तुमचा ग्लास लहान असेल.

"नाही बाई, ह्यांचा आणि आमचा एकाच सेटमधला आहे, माझ्याच घरनं आणलेत दोन्ही." ही मुलगी तिसऱ्या बाकावरची, एरवी हजेरीलाच काय तो आवाज. मग तिनेच विचारलं, "ग्लासात ऑक्सिजन तेवढाच ना? मग दोन मेणबत्त्या लावल्यावर जास्तीचा कुठनं गेला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. "ते तुम्ही पुढच्या इयत्तेत शिकाल" हे वाक्य जिभेवर आलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्याआधी अनेकदा ते वापरून मी सुटलेही होते. त्या दिवशी तेवढ्यात घंटा झाली म्हणून वाचले. मुलांना म्हटलं, उद्या परत करू.

दुसऱ्या दिवशी जोडतास होता. एका पोराचं म्हणणं, दोन मेणबत्त्या जागा जास्त अडवतात म्हणून पाणी वर ढकललं जातं. ऐकायला पटण्यासारखं. तर त्याच्या शेजारचा म्हणाला, मग दोन ठेवू आणि एकच पेटवू. हे मी सुचवलेलं नाही, लक्षात घ्या. केलं, पाणी कमी चढलं. जागेची गोष्ट निकालात निघाली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मेणबत्ती जळत असते तेव्हा पाणी जेमतेम हलतं, खरं चढतं ते विझल्यावर. ऑक्सिजन संपत गेल्यामुळे चढत असेल तर जळतानाच चढायला हवं ना? मी हा प्रयोग वर्षातून दोन तुकड्यांना दाखवत आले होते. मला हे कधी दिसलं नव्हतं, कारण मेणबत्ती विझली की मी फळ्याकडे वळायचे.

आणखी एकीने ग्लास टेकवताना कडेनं बुडबुडे येतात ते दाखवलं. आणि मग शेवटच्या बाकावरचा, वडिलांचं पंक्चरचं दुकान असलेला मुलगा म्हणाला, "गरम झाली की हवा फुगती. उन्हात सायकल लावली की ट्यूब फुटती तशी." ग्लास ठेवतानाच फुगलेली हवा बाहेर पडते, मेणबत्ती विझली की आतली गार होऊन आक्रसते, आणि बाहेरची हवा पाण्याला आत दाबते. दोन मेणबत्त्या म्हणजे उष्णता जास्त, बाहेर गेलेली हवा जास्त, पाणीही जास्त. मी एवढंच विचारलं, "कशावरून? मेणबत्तीशिवाय दाखवता येईल का?" तर प्रयोगशाळेतली कोरडी परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर चांगली तापवून, चिमट्यात धरून, तोंड खाली करून पाण्यात बुडवली. काही जळलं नाही, काही विझलं नाही, आणि पाणी सरसरत वर. वर्गात जो आरडाओरडा झाला तो ऐकून शेजारच्या वर्गातून सर बघायला आले.

नंतर उरलेलं मी सांगितलं. ऑक्सिजन वापरला जातो हे खरं, पण सगळा नाही, बराच शिल्लक असतानाच ज्योत विझते. जो वापरला जातो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. त्यामुळे पातळीत थोडा फरक पडतो, पण बहुतेक काम गरम-गारचंच. एक पंचमांश हा निव्वळ योगायोग. हे मी आदल्या रात्री जुनी पुस्तकं काढून शोधलं होतं. तरी जोडतासाला गप्प बसले होते, आणि तेवढ्या एका गोष्टीचा मला आजही अभिमान आहे.

आता लागलेला भाग. सहामाहीत "शास्त्रीय कारणे लिहा"मध्ये हाच प्रश्न आला, गुण दोन. आमच्याकडे तुकड्यांचे पेपर अदलाबदल करून तपासायचे. आठवी ब शेजारच्या वर्गातल्या त्याच सरांकडे गेली. अकरा मुलांनी गरम हवेचं कारण लिहिलं होतं. अकराही जणांना शून्य. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने ट्यूबचा दाखला देऊन, परीक्षानळीची आकृती काढून अर्धं पान लिहिलं होतं. त्यावर लाल शाईत तिरकी रेघ.

मी शिक्षककक्षात भांडले. सर म्हणाले, "मॅडम, बोर्डाचा पेपर तपासणारा तुमच्या वर्गात बसलेला नसतो. नमुना उत्तरात नाही ते मी कशाला मान्य करू?" मी म्हटलं, चला, आत्ता करून दाखवते. ते म्हणाले, "दाखवून काय होणार, उत्तर तर ऑक्सिजनच आहे." मुख्याध्यापकांनी दोघांना चहा पाजला आणि गुण आहेत तसे ठेवले.

मग मी वर्गात गेले आणि मुलांना म्हटलं, परीक्षेत ऑक्सिजन लिहा.

महिनाभराने वह्या तपासायला घेतल्या तर त्या मुलीने पानाच्या मधोमध पट्टीने रेघ मारली होती. डावीकडे "खरं", उजवीकडे "पेपरसाठी". प्रत्येक धड्याला. वर्ष संपेपर्यंत तिने ती रेघ मारली. मी खाली सही करत राहिले. चर्चेने मुलं विचार करायला शिकतात का, हा तुमचा प्रश्न. शिकतात, आणि शिकलेलं कुठे दाखवायचं नाही हेही त्याच वर्गात शिकतात.

असो. तुमचे चार हात.

हात वर करायला लावूच नका. प्रश्न विचारला की दोन मिनिटं प्रत्येकाने वहीत लिहायचं, चुकलं तरी चालेल. मग बाकावरच्या जोडीदाराला सांगायचं, मग तुम्ही कुणालाही उठवायचं, आणि त्याने स्वतःचं नव्हे, जोडीदाराचं म्हणणं सांगायचं. न बोलणाऱ्या मुली यामुळे बोलतात, कारण चुकलं तर ते दुसऱ्याचं असतं. ५२ मुलांना हे जमतं. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शिक्षकामागे ३५ मुलं म्हटलंय ते सोडा, ती मारामारी तुमच्या हातातली नाही.

दुसरं, थांबा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७०च्या सुमारास वर्गांतलं बोलणं टेप करून मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत आणि पुढे सरकत. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प मुलंही बोलू लागली. मी मनात "शुभं करोति कल्याणम्" म्हणते, तेवढ्यात तीन सेकंद होतात. करून बघा, पहिल्यांदा ती शांतता खायला उठते. आणि उत्तर आलं की लगेच "बरोबर, शाब्बास" म्हणू नका. शाब्बास म्हटलं की बाकीच्या ५१ जणांचं डोकं तिथेच बंद. "कशावरून?" एवढंच विचारा, बरोबर उत्तरालाही. फक्त चुकलेल्यालाच विचारलंत तर मुलांना आठवड्यात कळतं की "कशावरून" म्हणजे "चूक".

मात्र हा शब्द घरी कसा वापरायचा तेही सांगा. माझ्याकडे एक आई तक्रार घेऊन आली होती, पोरगा आजीला ग्रहणावरून "कशावरून?" विचारतो म्हणून. पोराचं चुकलं नव्हतं, त्याचा सूर चुकला होता.

आणि वादविवाद स्पर्धेला चर्चा समजू नका. "अध्यक्ष महाराज, पूज्य गुरुजनवर्ग" पासून पुढे सगळं पाठ, लिहून दिलेलं वडिलांनी किंवा आम्हीच. अनुकूल बाजू आली तर अनुकूल, प्रतिकूल आली तर प्रतिकूल. त्यात समोरच्याचं ऐकून मत बदललेलं मूल मी आजवर पाहिलेलं नाही.

गरीब शाळांत हे चालत नाही असं कुणी म्हणालं तर होशंगाबादचं नाव सांगा. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ सरकारी-ग्रामीण शाळांत प्रयोगातून विज्ञान सुरू झालं, सहावी ते आठवी, पुढे शेकडो शाळांत पसरलं. त्यांच्या शहाणपणाची गोष्ट ही की त्यांनी परीक्षाच बदलली. पुस्तक उघडं ठेवून लिहायचं, आणि प्रात्यक्षिक वेगळं. २००२ साली सरकारने तो कार्यक्रम बंद केला, पण तीस वर्षं चालला. आमच्या सरांना मी हे तेव्हा सांगू शकले नाही, कारण तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आता सांगून उपयोग नाही. सर निवृत्त झाले, माजी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी असतात. गेल्या महिन्यात त्यांनी युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगात सर्वोत्तम ठरवल्याचा तो जुनाट, केव्हाच खोटा ठरलेला मेसेज टाकला. मी विचारलं, "कशावरून, सर?" तर हात जोडलेली दोन चित्रं आली. माणूस वाईट नाही, माझ्या मुलीच्या लग्नात तीन दिवस राबले होते. पण ते दोन गुण माझ्या डोक्यातून जात नाहीत, हेही खरं.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. रोज चर्चा करू नका, आठवड्यातून एक तास पुरे, नाहीतर अभ्यासक्रम मार्चपर्यंत उरकत नाही. दहावीला दिवाळीनंतर मी स्वतः हे करत नाही, सराव प्रश्नपत्रिका घेते. आणि मुलांना काहीच माहीत नसताना चर्चा टाकली तर नुसत्या गप्पा होतात. हवा तापली की फुगते हे त्या पोराला दुकानातून माहीत होतं म्हणून आमची गाडी पुढे गेली. तुम्ही शिक्षणसेवक, म्हणजे अजून मानधनावरचे नवे शिक्षक, असाल तर पहिली तीन वर्षं जातीधर्माचे विषय वर्गात स्वतःहून काढू नका. भित्रेपणा वाटेल, पण नोकरी टिकली तर पुढची तीस वर्षं हातात आहेत.

घटक चाचणी तुम्हीच काढणार असाल तर त्यात दोन गुणांचा एक प्रश्न असा घाला, ज्याचं नमुना उत्तर एकच नसेल. "कशावरून म्हणता?" असाच विचारा. आणि चाचणी लावायच्या आधी पेपर कोण तपासणार आहे ते विचारून घ्या.