शाळेच्या ग्रुपवर ‘माझ्याबद्दलच्या दहा गोष्टी’ लिहाव्यात का, आणि कुठल्या?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, ऐंशीच्या आसपास माणसं. तिथे ‘माझ्याबद्दल तुम्हाला ठाऊक नसलेल्या दहा गोष्टी’ हा खेळ चालू आहे आणि उद्या तुमची पाळी. काय लिहावं, काय टाळावं, अजिबात नाही लिहिलं तर शिष्ट ठरू का. आणि अगदी शेवटी, जरा बिचकतच, तुम्ही म्हटलंय की वर्षभर नैराश्यावर गोळ्या चालू आहेत आणि ती गोष्ट दहांत घालावीशी फार वाटतेय.

माझा कल लिहिण्याकडे आहे. मी बरीच वर्षं बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो, तेव्हा माझ्याकडून ‘इंटरनेटवर कुणाला काही सांगूच नका’ असं ऐकायची तुमची तयारी असेल. पण मी पाहिलं ते वेगळंच. जी गोष्ट सांगताना जीभ अडखळते ती भामट्याच्या क्वचितच कामाची असते. त्याला हवी असते ती माहिती इतकी रटाळ असते की ती देताना आपण काही दिलं हेच आपल्या लक्षात येत नाही. जन्मतारीख, पहिली शाळा, आईचं माहेरचं आडनाव, लहानपणीच्या कुत्र्याचं नाव. आठवीत भूगोलाच्या पेपरात तुम्ही पुढच्या बाकावरचं बघून लिहिलं होतं हे जगजाहीर झालं म्हणून तुमच्या खात्यातून दमडीही हलणार नाही. त्यामुळे वाचायला मजेदार यादी आणि बिनधोक यादी, या दोन्ही बहुतेक वेळा एकच निघतात.

खेळ तसा जुनाच. १९९० च्या दशकात शाळा-कॉलेजात असलेल्यांनी स्लॅमबुकं भरली आहेत: टोपणनाव, आवडता हिरो, आयुष्यातला सर्वांत लाजिरवाणा क्षण. मग ऑर्कुट ही सोशल साइट आली, २००४ ते २०१४. तिथे स्क्रॅप, म्हणजे एकमेकांच्या पानावर लिहिलेला निरोप, सगळ्यांना दिसायचा, म्हणून खासगी काही सांगायचं असलं की पोरं ते टेस्टिमोनिअलमध्ये, म्हणजे मित्राबद्दल चार शब्द लिहायच्या जागेत, लिहायची आणि खाली ‘अ‍ॅक्सेप्ट करू नकोस’ अशी ताकीद द्यायची. मंजूर होईपर्यंत ते एकालाच दिसे. २००९ च्या सुरुवातीला फेसबुकवर ‘माझ्याबद्दलच्या २५ गोष्टीं’ची साथ आली, स्वतःच्या लिहायच्या आणि आणखी २५ जणांना गळ घालायची. स्लॅमबुकाचं बरं होतं. प्रत एकच, आणि ती कुणाच्या दप्तरात आहे हे ठाऊक असायचं.

आता त्या रटाळ माहितीबद्दल. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतल्या उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहूचं ईमेल खातं एका कॉलेजच्या पोराने उघडलं. त्याला कसलीही विद्या लागली नाही. पासवर्ड विसरलो असं सांगितलं की याहू काही प्रश्न विचारायचं: जन्मतारीख, पिनकोड, नवऱ्याची भेट कुठे झाली. उत्तरं त्याने इंटरनेटवर शोधून काढली. शेवटच्याचं उत्तर होतं, शाळेत. आता तुमच्याच ग्रुपवर मागे जाऊन बघा, ‘माझी नि ह्यांची पहिली भेट’ किती जणींनी हौसेने लिहिली आहे.

गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये अशा प्रश्नांचा हिशेब मांडला. इंग्रजी बोलणाऱ्यांचा ‘आवडता पदार्थ’ पहिल्याच अंदाजात बरोबर ओळखला जाण्याची शक्यता १९.७ टक्के निघाली. (कोल्हापूरच्या बॅचमध्ये हा आकडा किती जाईल, याची कल्पना न केलेली बरी.)

आपल्याकडे गंमत पुढेच आहे. आईचं माहेरचं आडनाव हा बँकांचा जुना लाडका प्रश्न. आणि मराठी घरांत तेच आडनाव लग्नाच्या बायोडेटावर ‘मामेकुळ’ म्हणून आपण आपल्या हाताने छापतो. शेजारी जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मगाव, शिक्षण, नोकरी, पगार, पाहुण्यांची आडनावं, वडिलांचा मोबाइल. वर गणपतीचं चित्र. हा कागद वधू-वर ग्रुपांवर जिल्हे ओलांडत फिरतो. लग्न ठरतं, मुलं होतात, तरी फिरतच असतो. माझ्या भाचीला लग्नानंतर कितीतरी काळ ‘स्थळाबद्दल बोलायचं होतं’ असे फोन येत होते. तेव्हा ज्यांचा बायोडेटा एकदा फिरला आहे, त्यांनी दहा गोष्टींत मामाचं आडनाव आलं म्हणून घाबरून काही उपयोग नाही. त्यांनी उलटं करावं. बँक किंवा ईमेलवाले असा प्रश्न विचारून ठेवत असतील तर तिथे भलतंच उत्तर द्यावं आणि ते घरातल्या वहीत लिहून ठेवावं. आईचं माहेर ‘पिठलंभाकरी’ असलं तरी संगणकाचं काही जात नाही. फक्त केवायसीच्या फॉर्मवर हा उद्योग करू नका, तिथे खरं उत्तरच लागतं.

जन्मतारखेचं तर झाकायलाही काही उरलेलं नसतं. ग्रुपच्या नावातच दहावीचं साल असतं, म्हणजे जन्मवर्ष जवळपास कळलं. दिवस आणि महिना तुम्हाला केकच्या चित्रांनी न्हाऊ घालणारे मित्र सांगतात. याचा त्रास कुठे होतो ते सांगतो. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या ई-आधारच्या फायलीचा पासवर्ड म्हणजे इंग्रजीत नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. हे गुपित नाही, त्यांनीच लिहून ठेवलं आहे. कित्येक बँकांच्या स्टेटमेंटच्या फायलीही नाव आणि जन्मतारखेच्या अशाच जुळवाजुळवीवर उघडतात. म्हणजे झेरॉक्सवाल्याला किंवा हॉटेलवाल्याला पाठवलेली फाइल पुढे कुणाच्याही हाती पडली तर तिला कुलूप आहे असं समजू नये. निदान आधार क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दाखवणारं, ‘मास्क्ड’ म्हणतात ते, पाठवत जा. वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र घ्या. त्या नको म्हणणारा माणूस मला आवडत नाही.

या माहितीचा दुसरा उपयोग फोनवर होतो. ‘ओळखलंत का? तुमच्या वडिलांचे पैसे द्यायचे होते, तुमच्या नंबरवर टाकतो.’ मग पैसे जमा झाल्याचा खोटा मेसेज, आणि पाठोपाठ ‘अहो, चुकून जास्त गेले, वरचे परत पाठवा’. समोरच्याला वडिलांचं नाव, ते कुठल्या खात्यात नोकरीला होते, गाव कुठलं एवढं ठाऊक असलं की भल्याभल्यांचा संशय गळून पडतो. म्हणून यादीत ‘बाबांची बदली झाली म्हणून मी तीन शाळा बदलल्या’ हे छान. खात्याचं, गावांचं नि सालांचं वेळापत्रक नको. कुणी फसलंच तर १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, आणि तिथे पहिल्या तासाभरात फोन करणं आणि दुसऱ्या दिवशी करणं यात फार फरक पडतो.

इथवरचं सगळं तुमच्या पैशाबद्दल. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसऱ्यांबद्दल. ‘माझ्याबद्दलच्या’ गोष्टी लिहिताना निम्म्या गोष्टी माझ्या एकट्याच्या नसतात. बहिणीचा घटस्फोट, मुलाचं बारावीचं नापास होणं, सासऱ्यांचं पिणं, आयव्हीएफ. ‘माझ्या आयुष्यातला कठीण काळ’ म्हणून आपण ते मोकळेपणाने सांगतो, लोक हात जोडलेले इमोजी टाकतात, आणि तिकडे बहिणीला तिच्याच ऑफिसातून विचारणा होते. एका माणसाच्या होकारात किती जण ओढले जातात याचा मोठा नमुना २०१८ मध्ये दिसला. फेसबुकवरच्या एका व्यक्तिमत्त्व चाचणीतून लोकांची माहिती केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली होती. त्या प्रकरणात फेसबुकने स्वतःच सांगितलं की ती चाचणी भारतात दिली ३३५ जणांनी, आणि त्यातून ज्यांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता होती असे भारतीय होते ५,६२,४५५. बाकीचे सगळे कुणाचे तरी मित्र होते, एवढाच त्यांचा संबंध.

कायद्यावर फार भिस्त ठेवू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा घरगुती, वैयक्तिक कामासाठी माणसं जे करतात त्याला लागू नाही, आणि जी माहिती तुम्ही स्वतःच सार्वजनिक केलीत तिलाही नाही. तो कंपन्या आणि संस्थांना धाक घालायला आहे. वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीने तुमच्या मेसेजचा स्क्रीनशॉट वहिनीला पाठवला तर तो काही करणार नाही. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ची मुदत जेमतेम अडीच दिवसांची, आणि चटपटीत मजकूर अडीच मिनिटांतच पुढे गेलेला असतो.

मग लिहायचं काय? बाकीच्यांना ज्यावर पटकन काहीतरी बोलावंसं वाटेल ते. ‘मला वाचनाची आवड आहे’ यावर कोण काय बोलणार? ‘मला अजून घड्याळ बघून वेळ सांगायला क्षणभर विचार करावा लागतो’ असं लिहा, बघा किती जण ‘मला पण’ म्हणून धावत येतात. ‘मी मोदक कळीदार करते पण मला स्वतःला उकडीचे आवडत नाहीत’ यावर दिवसभर भांडण चालेल. ज्या बाईंना सगळे घाबरायचे त्यांच्याशी तुम्ही अजून पत्रव्यवहार ठेवून असाल तर ते लिहा. एखादी वर्गातलीच आठवण घाला, पण हसं स्वतःचंच होऊ द्या. मोठेपणाच्या गोष्टी, म्हणजे परदेशवाऱ्या, फ्लॅट, मुलीचं पॅकेज, यांनी ग्रुपवर शांतता पसरते हे तुम्हीही पाहिलं असेल. आणि दहाच हव्यात असा दंडक कुणी घातलाय? सहा चांगल्या सुचल्या तर सहा लिहून मोकळ्या व्हा.

लिहायचं नसेल तर ‘माझी पाळी पुढच्याला द्या, मी वाचणारी आहे’ एवढं म्हणा आणि दुसऱ्यांच्या यादीवर मनापासून दोन ओळी लिहा. ज्याच्या यादीवर तुम्ही नीट बोललात तो तुम्हाला शिष्ट म्हणणार नाही. कारणं मात्र देऊ नका, कारण दिलं की समजूत घालणारे येतात.

राहिली ती गोळ्यांची गोष्ट. ही लपवण्यासारखी आहे असं मला मुळीच वाटत नाही, आणि तुम्हाला ती सांगावीशी वाटते हे मला चांगलंच लक्षण वाटतं. प्रश्न फक्त ऐंशी जणांचा आहे. आर्थर एरन या मानसशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता: एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांना पाऊण तास ३६ प्रश्न आलटूनपालटून विचारायला लावले, आधी वरवरचे, मग हळूहळू खोलातले, आणि ती माणसं नुसत्या गप्पा मारलेल्या जोड्यांपेक्षा एकमेकांच्या जास्त जवळ आली. त्यात मला महत्त्वाची वाटते ती पाळी. मी थोडं उघडं केलं, तूही केलंस, मग मी आणखी थोडं. ग्रुपवर तसं होत नाही. तिथे बोलणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत उभं राहून बोलणं. ऐकणाऱ्यांत तुमची बाकावरची मैत्रीण असते आणि जिच्याशी आठवीपासून धड बोलणं नाही तीही असते. एकाच्या कंपनीत उद्या तुमची मुलाखत असू शकते. एकीची जाऊ तुमच्या सोसायटीत राहते.

म्हणून उद्याच्या यादीत नको. आज त्या ऐंशींतून एकीला निवडा आणि तिला फोन करून सांगा, मेसेज नको. ती काय म्हणते त्यापेक्षा पुढच्या आठवड्यात ती आपणहून विचारपूस करते का, आणि तिच्या तोंडून ते दुसऱ्या कुणाकडे गेलं का, याकडे लक्ष ठेवा. मग आणखी एकीला. दोघी-तिघींना सांगून झाल्यावरही सगळ्यांना सांगावंसं वाटलं तर जरूर लिहा. त्या दोघी-तिघी तेव्हा ग्रुपवर तुमच्या बाजूला असतील, आणि निम्मा फरक त्यानेच पडतो. कदाचित तुमचं वाचून आणखी कुणी तुम्हाला एकटीला मेसेज करेल, आणि त्या माणसासाठी तेवढं लिहिणं पुरेसं ठरेल.

फक्त औषधाचं नाव लिहू नका. खाली लगेच कुणीतरी आपल्या डॉक्टरांचा नंबर टाकेल, कुणी ‘ह्या गोळ्यांची सवय लागते, माझ्या मावशीला लागली’ असं सांगेल, आणि एक जण हमखास गुळवेल सुचवेल. गोळ्या चालू ठेवायच्या की कमी करायच्या हे तुमच्या डॉक्टरांशीच बोला.