पिल्लांची विक्री आणि कायदा

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात एक गृहस्थ टिनाच्या शेडमध्ये लॅब्राडोर जातीच्या माद्या बांधून ठेवतात आणि डोळेही नीट न उघडलेली पिल्ले आठवडी बाजारात विकतात. हे कायद्याने रोखता येईल का?

उत्तर : होय. श्वान प्रजनन व विक्रीविषयक २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही, ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि १८ महिन्यांखालील मादीपासून पैदास घेता येत नाही. मे महिन्यात तापलेल्या टिनाखाली दाट केसांचे जनावर बांधून ठेवणे ही तर उघड क्रूरताच आहे. तारखेसह छायाचित्रे जोडून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करावी, तिची प्रत तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना द्यावी आणि दोन्हीकडून पोच अवश्य घ्यावी.

मात्र १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला अवघा १० ते ५० रुपये दंड आहे, ही अत्यंत खेदाची बाब आहे. एक पिल्लू हजारो रुपयांना विकणाऱ्याला त्याचा धाक कसा वाटणार? दंड वाढवणे आणि नोंदणीच्या तपासणीचे अधिकार तालुका पातळीवर देणे, या दोन्ही सुधारणा तातडीने व्हायला हव्यात. ग्रामसभेने तसा ठराव करून लोकप्रतिनिधींकडे पाठवावा.